जबड्यात पाणी झालंय म्हणे!

गुडघ्यात पाणी होतं हे ऐकून माहीत होतं. जबड्याच्या सांध्यातही ते होतं, सुई घालून काढता येतं आणि त्यात काय काय आहे हे मोजायचा प्रयत्नही केला जातो, हे मला गेल्या आठ-नऊ महिन्यांत कळलं. या काळात मी रात्री-अपरात्री सगळ्यात जास्त एकच गोष्ट शोधली: ज्याच्या जबड्यातून हे द्रव काढलंय अशा माणसानं साध्या भाषेत लिहिलेलं काहीतरी. सापडलं नाही, म्हणून मीच लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. माझ्या बाबतीत जे घडलं आणि जे मी विचारून विचारून समजून घेतलं, तेवढंच इथे आहे.

दुखण्याची सुरुवात आवाज बंद होण्यापासून झाली. जांभई देताना उजव्या कानापाशी ‘कट्’ असा आवाज मला पंधराएक वर्षं येत होता. दुखत काहीच नव्हतं. घरात तो चेष्टेचा विषय होता. ३ ऑक्टोबरला सकाळी दात घासताना लक्षात आलं, आज आवाज नाही. बरं वाटलं! दुपारी जांभई आली आणि तोंड अर्ध्यावरच अडकलं. आरशात पाहिलं तर उघडताना हनुवटी उजवीकडे ओढली जात होती. दातखीळ बसणं म्हणजे काय ते मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी समजलं.

कान दुखतोय म्हणून आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. अपॉइंटमेंटला नऊ दिवस लागले. त्यांनी आत बघून ‘कान एकदम स्वच्छ’ म्हणून परत पाठवलं. मग दंतवैद्य. तिथे संशय अक्कलदाढेवर गेला आणि ती काढायची तारीखसुद्धा ठरली. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, काढल्यावर दाढ निर्दोष निघाली. ती आज तोंडात आहे याचं श्रेय त्या एक्स-रेला. या फेऱ्यांत सहा आठवडे गेले. तुम्हाला असं काही होत असेल तर घरी एवढं करून बघा: हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात मावतात का ते पाहा, आणि कानासमोर बोट ठेवून तोंड उघडमीट करताना नेमकं तिथेच दुखतं का ते पाहा. मला दोनच बोटं जेमतेम मावत होती. हे आधी कळलं असतं तर कानाच्या डॉक्टरांची एक फेरी वाचली असती.

२१ नोव्हेंबरला तोंड आणि जबड्याच्या शल्यचिकित्सकांकडे पोहोचले. डॉक्टरांनी पहिल्यांदा काय काढलं असेल, तर प्लॅस्टिकची छोटी मोजपट्टी. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर: २७ मिलिमीटर. साधारणपणे ते चाळीसच्या पुढे असतं. मग त्यांनी कागदावर सांधा काढून दाखवला. कवटीच्या खोबणीत खालच्या जबड्याचं टोक बसतं आणि दोघांच्या मध्ये एक चकती असते. माझी चकती वर्षानुवर्षं पुढे घसरलेली होती. तोंड उघडताना ती टुणकन जागेवर यायची, तोच तो ‘कट्’. आता ती जागेवर येईनाशी झाली होती. म्हणून आवाज गेला आणि तोंडही अडलं. ज्या सकाळी मी खूश झाले होते, त्याच सकाळी बिघाड पुढच्या पायरीवर गेला होता.

मग तपासण्या. सीबीसीटी, म्हणजे हाडांचं त्रिमितीय चित्र, आणि एमआरआय. एमआरआयला अठरा दिवस थांबावं लागलं, कारण जबड्याच्या सांध्यासाठी वेगळी कॉइल, म्हणजे चित्र टिपायला सांध्यापाशी बसवायचा भाग, लागते आणि ती सगळीकडे नसते. नंबर लावताना फोनवरच विचारून घ्या. मी एका ठिकाणी जाऊन परत आलेय. मशिनमध्ये एकदा तोंड मिटून आणि एकदा उघडून चित्र घेतात. उघडं ठेवायला दातांत एक ठोकळा देतात आणि त्या अवस्थेत सात-आठ मिनिटं गिळायचंही नाही. तो भाग मला सुईपेक्षा अवघड गेला.

सीबीसीटीत हाडं गुळगुळीत, कडा शाबूत. एमआरआयमध्ये मात्र चकती पुढे सरकलेली आणि वरच्या कप्प्यात एक पांढरी रेघ. ‘हे पाणी,’ डॉक्टर म्हणाले. सूज आणि संधिवाताच्या खुणा शोधणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, सगळं नॉर्मल.

मी विचारलं, ‘म्हणजे संधिवात नाही ना?’

‘हाडापर्यंत पोहोचलेला नाही, एवढंच हे सांगतंय. झीज कूर्चेपासून, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणापासून, सुरू होते. कूर्चेत नसा नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. हाडाचं टोक चपटं होणं, कडेला काटा वाढणं हे सीबीसीटीत दिसतं, पण ते बरंच उशिरा. आणि झिजेचा संधिवात एका सांध्यात असला तर रक्त बहुधा नॉर्मलच येतं.’

‘मग आधी कशात कळतं?’

ते जरा थांबले आणि म्हणाले, ‘कळलंच तर त्या पाण्यात.’ या एका वाक्यानं माझे पुढचे सहा महिने खाल्ले.

दातांवर बसवायची पट्टी, सूज उतरवणाऱ्या गोळ्या, शेक, जबड्याचे हलके व्यायाम हे सगळं आधीपासून चालू होतंच. सहा आठवड्यांत २७चे २९ झाले, पुढे ढिम्म. तेव्हा सांधा धुण्याचा पर्याय पुढे आला. त्याला आर्थ्रोसेंटेसिस म्हणतात. जबड्याच्या सांध्यासाठी ही पद्धत १९९१मध्ये पहिल्यांदा मांडली गेली. दोन सुया घालून वरच्या कप्प्यातून सलाईनसारखं द्रावण वाहवायचं, की आतली सूज वाढवणारी द्रव्यं निघून जातात आणि चिकटलेली चकती थोडी मोकळी होते. माझ्यासाठी हा उपचार होता. द्रवाची तपासणी त्याला जोडून आली: तिथल्याच विभागात एक संशोधन चालू होतं आणि धुण्याआधी द्रवाचा नमुना देणार का, असं मला विचारण्यात आलं. नुसत्या तपासणीसाठी जबड्यात सुई घालायला मी तयार झाले नसते, आणि डॉक्टरांनीही तसं सुचवलं नाही. सुई जाणारच होती, म्हणून मी हो म्हटलं.

९ जानेवारीला संमतीपत्र हातात आलं. अकरा पानं. निवासी डॉक्टर मुलगी गोड होती, पण घाईत होती. मी ते घरी नेते म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. घरी न्याच. त्यात तीन वेगवेगळ्या चौकटी होत्या आणि समोर बसून मी तिन्हीवर सरसकट खूण केली असती. पहिली, नमुना आत्ताच्या अभ्यासासाठी वापरणं. दुसरी, उरलेला नमुना पुढच्या कुठल्याही अभ्यासासाठी साठवणं. तिसरी, गरज पडली तर पुन्हा संपर्क करणं. आणि कलम सातमध्ये बारीक अक्षरात: ‘सहभागी व्यक्तीस वैयक्तिक निष्कर्ष कळवले जाणार नाहीत.’

इथे मी अडले. माझ्या सांध्यातलं पाणी, आणि आकडे मलाच नाहीत? दोन फोन आणि एक अर्ज झाला. शेवटी प्रमुख डॉक्टरांनी सांगितलं की निदानाचा अहवाल म्हणून देता येणार नाही, कारण ती मान्यताप्राप्त निदान-चाचणीच नाही. पण आकडे आल्यावर समोर बसून समजावून सांगू, तसं लेखी जोडू. ते जोडलेलं अर्धं पान मिळायला एकवीस दिवस लागले, कारण नीतिशास्त्र समितीची बैठक महिन्यातून एकदाच होते. तेव्हा चिडले होते. पण आकडा देणं आणि निदान देणं यात फरक असतो, हे मला पहिल्यांदा त्या कलमानंच सांगितलं होतं. फक्त मी ते तेव्हा ऐकलं नाही.

अटीही होत्या. आधीच्या काही महिन्यांत सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेलं नसावं. आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या ठरावीक दिवस आधीपासून बंद, कारण त्या प्रोस्टाग्लँडिनसारख्या सूज वाढवणाऱ्या द्रव्यांची पातळी खाली आणतात आणि मग मोजमापाला अर्थ राहत नाही. ते दिवस वाईट गेले. गोळी बंद करण्याआधी दुसरं काय घेता येईल ते डॉक्टरांना विचारून ठेवा, स्वतःच्या मनानं काही करू नका.

११ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ. भूल फक्त कानापुढच्या भागाला, मी पूर्ण जागी. केस टोपीत, कानात कापसाचा बोळा. मग डॉक्टरांनी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानापुढच्या कूर्चेच्या मध्यापर्यंत पेननं रेघ काढली आणि तिच्यावर मोजपट्टी लावली: कानापासून १० मिलिमीटर पुढे आणि रेघेच्या २ मिलिमीटर खाली एक ठिपका, २० पुढे आणि १० खाली दुसरा. गालावर सुताराची आखणी चालल्यासारखं वाटत होतं. भुलीची सुई चांगलीच झोंबते. त्यानंतर दुखत नाही, फक्त दाब कळतो.

गुडघ्यातून पाणी काढताना सिरिंज भरते. ते सरळ प्रयोगशाळेत जातं, पेशी मोजतात, स्फटिक बघतात, जंतू वाढतात का पाहतात. जबड्याच्या सांध्यात तो चोचलाच नाही. वरच्या कप्प्यात मावतंच मुळी एक मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे वीसेक थेंब, आणि निरोगी सांध्यात तर नुसती ओल असते. ओढायला जावं तर काहीच येत नाही. म्हणून आधी थोडं द्रावण आत सोडतात, परत ओढतात, पुन्हा सोडतात, पुन्हा ओढतात. जे परत येतं त्यात सांध्यातलं द्रव मिसळलेलं असतं. पण किती? शाईचा थेंब भांड्यात पडला आणि भांड्यात पाणी किती हे माहीत नसेल, तर थेंब केवढा होता हे कसं सांगणार? यावरचा तोडगा मला फार आवडला. द्रावणात बी-१२ जीवनसत्त्वाचं एक रूप, हायड्रॉक्सोकोबालामिन, ठरलेल्या प्रमाणात घालतात. ते लाल रंगाचं असतं. परत आलेल्या द्रावणात हा रंग किती फिका झालाय हे यंत्रानं मोजलं, की सांध्यातलं द्रव किती मिसळलं याचा हिशेब लागतो. सगळेच असं करत नाहीत. काही ठिकाणी वेगळ्या पद्धतीनं हिशेब करतात, आणि त्यामुळे दोन अभ्यासांतले आकडे शेजारी ठेवता येत नाहीत.

सांधा भरला की खालचा जबडा किंचित पुढे आणि खाली ढकलला जातो, त्या बाजूच्या दाढा एकमेकींना टेकत नाहीत. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी घाबरले. सिस्टर म्हणाल्या, ‘अहो ताई, तेच हवंय! सुई बरोबर ठिकाणी आहे.’

नमुना गुलाबी आला. बी-१२चा गुलाबी की रक्ताचा? रक्त मिसळलं तर नमुना बाद, कारण मोजायची कितीतरी द्रव्यं रक्तातही असतात. तंत्रज्ञ नळी घेऊन गेला. इकडे दुसरी सुई घालून सांधा धुणं सुरू झालं, रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईनसारखं द्रावण, दोनशे मिलिलिटर. मी छताकडे बघत एकच विचार करत होते: एवढ्या सव्यापसव्यानंतर नळी फेकून दिली तर? वीसेक मिनिटांनी तो दारातूनच अंगठा दाखवून गेला. नळी यंत्रात गरगर फिरवल्यावर तळाशी लाल पेशींचा थर बसला नव्हता. नमुना उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये गेला.

त्या दिवशीच्या काही गोष्टी तुमच्यासाठी. सोबत कुणीतरी असू द्या आणि गाडी स्वतः चालवू नका: भूल चेहऱ्याच्या नसेपर्यंत पसरल्यामुळे माझी उजवी भुवई वर होईना आणि डोळा नीट मिटेना. तीन तासांत ते गेलं, पण तोवर डोळ्यावर पट्टी होती. कानापुढे लिंबाएवढी सूज दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली. दोन दिवस दात जुळत नाहीत, तेव्हा चावायला लागणारं काही खाऊ नका. आणि व्यायाम त्याच संध्याकाळी सुरू करायला सांगतात, ते टाळू नका. मी बाथरूममध्ये मोजपट्टी टांगून ठेवली आणि रोज सकाळचा आकडा आरशाशेजारी लिहायला लागले. ३१, ३३, ३२, ३५. महिनाअखेर ३७.

खर्चाची उतरंड अशी होती: सगळ्यात वर सांधा धुणं, मग एमआरआय, मग सीबीसीटी, तळाशी रक्ताच्या तपासण्या. द्रवाची तपासणी संशोधनात होती, तिचे पैसे पडले नाहीत. विमा कंपनीनं पहिला दावा ‘दंतोपचार’ असा शिक्का मारून परत पाठवला. जबडा म्हणजे दात, असं त्यांचं सरळ गणित. डॉक्टरांकडून ‘सांध्यावरील प्रक्रिया’ असे स्पष्ट शब्द असलेलं पत्र आणि एमआरआयचा अहवाल जोडून पुन्हा पाठवला, तेव्हा धुण्याचा खर्च मंजूर झाला, तपासण्यांचा नाही. हे पत्र आधीच मागून घ्या.

मग वाट पाहणं. मला वाटलं होतं आठवडाभरात फोन येईल. मार्च गेला, एप्रिल गेला. मी फोन केला की ‘प्लेट भरायची आहे’ असं उत्तर. प्रत्येक द्रव्य एलायझा नावाच्या पद्धतीनं मोजतात आणि तिच्या प्लेटला ९६ खाचा असतात. त्यांतल्या सोळा तुलनेच्या द्रावणांना दिल्या आणि प्रत्येक नमुना दोनदा मोजला, तर एका प्लेटवर चाळीस रुग्ण मावतात. प्लेट महाग, उघडली की वापरून संपवायची. त्यामुळे चाळीस जबडे जमेपर्यंत माझा नमुना गोठलेला. आणि एवढे लोक सुई घ्यायला येणार तरी किती!

१७ जूनला बोलावणं आलं. डॉक्टरांनी एक साधा कागद समोर ठेवला. त्या निवासी मुलीनं समजावलेलं मला सगळ्यात चांगलं कळलं, म्हणून तिच्याच शब्दांत सांगते. ‘काही द्रव्यं म्हणजे भांडणाचा आवाज: इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा. काही म्हणजे कात्र्या: एमएमपी नावाची एन्झाइम्स, जी कूर्चेची वीण कापतात; आणि टिम्प, जी त्या कात्र्यांना आवर घालतात. आणि काही म्हणजे भांडणानंतर जमिनीवर पडलेले तुकडे, जसे कूर्चेतल्या ॲग्रेकन नावाच्या प्रथिनाचे.’

माझ्या कागदावर इंटरल्यूकिन-६ होतं. इंटरल्यूकिन-१ बीटा आणि टीएनएफ यंत्राला पकडता येईल त्याच्याही खाली. एमएमपी-३ त्या चाळीस जणांत वरच्या अर्ध्यात.

‘म्हणजे संधिवाताची सुरुवात आहे?’ मी सहा महिने हाच प्रश्न हातात धरून बसले होते.

‘सांध्यात सूज आहे हे नक्की. कात्र्या चालू आहेत हेही. पण नुसती चकती सरकलेल्या, हाडं चांगली असलेल्या लोकांतही इंटरल्यूकिन-६ सापडतं. अमुक आकड्याच्या वर संधिवात, खाली नाही, अशी मान्य रेघ अजून कुणी आखलेली नाही.’

रेघ का नाही, हेही विचारलं. उत्तर इतकं साधं होतं की मला आधी सुचायला हवं होतं. रेघ आखायला निरोगी सांध्यांतलं द्रव भरपूर लागेल, आणि ज्याचं काही दुखत नाही त्याच्या कानापुढे सुई कोण खुपसू देईल? माझाच डावा सांधा ठणठणीत होता. पण संमतीपत्रात त्याला हात लावायची परवानगी नव्हती आणि मीही दिली नसती. माझं ‘नॉर्मल’ किती, हे मलाही माहीत नाही.

त्या दिवशी घरी येताना मी रागावलेली होते. कुणावर ते नीट सांगता येत नाही. मला त्या नळीतून हो किंवा नाही हवं होतं आणि हातात आलं होतं ‘सूज आहे’, जे एमआरआयमधल्या पांढऱ्या रेघेनं डिसेंबरमध्येच सांगितलं होतं. उपचारही त्या कागदामुळे बदलला नाही. दातांवरची पट्टी रात्री, व्यायाम दिवसातून तीनदा, दुखलं तरच गोळी, आणि वर्षानं पुन्हा सीबीसीटी. कुणी तुम्हाला ‘द्रव तपासून संधिवात आधीच ओळखू’ असं सांगून फक्त त्या तपासणीसाठी पैसे मागत असेल, तर आकड्याची तुलना कशाशी करणार आणि त्यानं माझा उपचार काय बदलेल, हे दोन प्रश्न जरूर विचारा. धुणं मात्र मी पुन्हा करून घेईन. आज सकाळी ३९ होते.

जुलैत आणखी एक पाकीट आलं. वर्षभरानं तोच सांधा, तीच पद्धत, दुसरा नमुना; एकाच माणसाचे दोन आकडे मिळाले तर त्यांना त्याचा फार उपयोग आहे, असं पत्रात लिहिलंय. ते मला पटतंही. पण या वेळी धुण्याची गरज नाही, सुई फक्त त्यांच्यासाठी असेल. सीबीसीटीची तारीख ९ डिसेंबर आहे, तोवर कळवायचंय. पाकीट आरशाशेजारी, मोजपट्टीखाली खोचून ठेवलंय. नऊ पानं वाचून झालीत, सही केलेली नाही. परवा जांभई देताना उजवीकडे बारीकसा ‘कट्’ आला. तारीख लिहून ठेवलीय.